वाघाची वाट गावनकाशावर यावी

महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळाचे माननीय अध्यक्ष आणि सन्माननीय सदस्य यांस,



ताडोबाच्या अरण्यातून धरून आणलेली एक तरुण वाघीण नोव्हेंबर २०२५ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानातील सोनार्ली येथील बंदिस्त आवारात काही दिवस राहिली, आणि नव्या हवापाण्याशी तिची ओळख झाल्यावर सह्याद्रीच्या मोकळ्या रानात तिला सोडण्यात आले. विदर्भातील आठ वाघ, त्यांत तीन नर आणि पाच माद्या, टप्प्याटप्प्याने सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणण्याची जी तजवीज केंद्र सरकारने मंजूर केली आहे तिचा हा प्रत्यक्ष आरंभ होय. पश्चिम घाटाच्या या उत्तर भागात वाघाचा वंश पुन्हा रुजावा असे ज्यांना अनेक वर्षे वाटत आले त्या सर्वांबरोबर मलाही या वार्तेने मनापासून आनंद झाला. त्या आनंदातूनच हे पत्र लिहीत आहे, आणि त्यात एक विनंती आहे. या वाघिणीची पिले उद्या मोठी होऊन ज्या वाटेने दक्षिणेकडे जातील, आणि दक्षिणेचे वाघ ज्या वाटेने तिच्याकडे येतील, ती वाट शास्त्रज्ञांच्या अहवालांत आहे, वनखात्याच्या आराखड्यांत आहे. परंतु गावनकाशाच्या मापाने मोजलेली, सातबाऱ्याशी जुळवलेली आणि सर्व सरकारी खात्यांना सारखीच बंधनकारक असलेली अशी ती अद्याप नाही. ती तशी व्हावी, आणि तिचा आरंभ आपल्या मंडळाने करावा, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये हा प्रकल्प अस्तित्वात आला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत त्याचे सुमारे ११६५ चौरस किलोमीटर क्षेत्र पसरलेले आहे. घोषणेनंतर आठ वर्षे येथे वाघाच्या पाऊलखुणा आणि विष्ठा यांचीच साक्ष काय ती मिळत राहिली; कॅमेऱ्याने टिपलेले पहिले छायाचित्र मे २०१८ मध्ये हाती आले. त्याच वाघाची ओळख त्याच्या अंगावरील पट्ट्यांवरून पुढे २०२० मध्ये कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे दोनशे किलोमीटरांपलीकडे, पटली. एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीत दिसलेला दुसरा एक नर डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीच्या कॅमेऱ्यासमोर आला. त्याला आणि त्यानंतर नोंदल्या गेलेल्या दोघांना वनखात्याने सेनापती, सुभेदार आणि बाजी अशी नावे दिली. या नोंदी मी मुद्दाम सांगतो आहे, कारण चांदोली ते राधानगरी, राधानगरी ते आंबोली-तिळारी, आणि तेथून गोव्याची म्हादई, कर्नाटकातील भीमगड व काळी अशी जी सलग वाट आपण कागदावर रंगवितो, ती वाघाने स्वतःच्या पायांनी खरी करून दाखविली आहे. पट्ट्यांची ठेवण प्रत्येक वाघाची निराळी असते. तेव्हा या पुराव्याबद्दल कोणास शंका घेता येणार नाही.

परंतु त्या पुराव्यातच एक उणीवही दिसते. नावे मिळालेले तिन्ही वाघ नर आहेत. दीड-दोन वर्षांचा झाल्यावर आईचा मुलूख सोडून दूरदूर भटकणे हा तरुण नराचा स्वभावच होय. टिपेश्वरात जन्मलेला आणि गळ्यात रेडिओ-पट्टा बांधलेला एक नर २०१९ मध्ये शेतांतून, रस्त्यांवरून, गावांच्या कडेकडेने हिंडत ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत कसा पोचला याची हकिकत वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचलेली आहे. मादी सहसा इतक्या दूर जात नाही. आईच्या मुलखाला लागून जेथे जागा मिळेल तेथे ती आपले घर करते. म्हणून काळीकडून सह्याद्रीकडे नर चालत आले आणि माद्यांना मात्र वाहनातून आणावे लागत आहे. हा उपाय योग्य आहे, पण तो एकदाच करावयाचा उपाय असावा. सारिस्कातील वाघ २००५ च्या सुमारास संपले आणि २००८ मध्ये रणथंबोरहून तेथे नवे आणावे लागले. पन्नातील वाघ २००९ पर्यंत नाहीसे झाले आणि त्याच वर्षी तेथेही पुनःस्थापनेस आरंभ झाला. पन्नाने आज चांगली उभारी धरली आहे. तरीही चारी बाजूंनी तुटलेल्या रानात थोड्या वाघांची वस्ती केली, तर काही पिढ्यांत रक्ताचे नाते इतके जवळचे होते की पुन्हा बाहेरून वाघ आणावा लागतो, आणि मग हे आणणे संपतच नाही. सह्याद्रीचे भाग्य हे की त्याला दक्षिणेकडे अजून एक जिवंत दार आहे.

देशातील वाघांचा अंदाज २००६ मध्ये १४११ होता, तो २०२२ मध्ये ३६८२ झाला. महाराष्ट्रातील १०३ चे ४४४ झाले. हे यश मोठे आहे, आणि ते मुख्यतः विदर्भाचे आहे. तेथील रानांत वाघांची दाटी झाली असून माणसांशी होणाऱ्या त्यांच्या संघर्षाची वार्ता दर महिन्यास येते, आणि इकडे घाटमाथ्यावर शेकडो चौरस किलोमीटर सदाहरित व निमसदाहरित रान वाघावाचून उभे आहे. एका बाजूची गर्दी आणि दुसऱ्या बाजूची ओस जागा यांचा मेळ घालावयाचा, तर कोणते रान वाघाला राहण्यास पुरेल, कोणते नुसते ओलांडण्यास पुरेल, आणि कोणते त्याला अडवील, हे आधी ठाऊक हवे. हे ठाऊक करून घेण्याच्या साधनालाच आपण अधिवासाचा नकाशा म्हणतो.

हा नकाशा कसा तयार होतो हे आपल्या तज्ज्ञ सदस्यांस मी सांगावे असे नाही. तथापि हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडे सांगतो. उपग्रहाच्या चित्रांवरून रान, गवताळ सडे, शेती, बागायत, वस्ती आणि पाणी यांची विभागणी करतात. मग माणसे पायी फिरून सांबर, गवा, भेकर, चौसिंगा, रानडुक्कर यांच्या खुणा मोजतात. विष्ठेच्या नमुन्यांतून जनुकांची परीक्षा होते. ठरावीक अंतरावर कॅमेरे लावले जातात. या सर्वांवरून भूमीच्या प्रत्येक चौकटीला एक अंक दिला जातो, आणि तो अंक वाघाला ती चौकट ओलांडणे किती जड जाईल हे सांगतो. घनदाट रानाला तो कमी, उसाच्या फडाला अधिक, चौपदरी रस्त्याला फार अधिक. मग दोन अरण्यांच्या दरम्यान सर्वांत कमी कष्टाची वाट गणिताने काढता येते. अथवा विद्युत्प्रवाह जसा कमी रोधाच्या तारांतून अधिक वाहतो त्या नियमाने संपूर्ण पट्ट्यातील ये-जा कोठे पसरते आणि कोठे आकसून एका चिंचोळ्या भागातून जाते हे पाहता येते. भारतीय वन्यजीव संस्था आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा रीतीने देशातील ३२ मोठे व्याघ्रमार्ग दाखविले, आणि त्यांत सह्याद्री, राधानगरी व गोवा यांना जोडणारा मार्गही आहे.

येथे एक भेद सांगणे अगत्याचे वाटते. गणिताने काढलेली रेषा ही रेषा असते. वाघ मात्र पट्ट्यातून जातो. अमुक खाणीची जागा त्या रेषेपासून दोन किलोमीटर दूर आहे, सबब ती व्याघ्रमार्गात येत नाही, हा युक्तिवाद जेव्हा केला जातो, तेव्हा कमीत कमी किती हवे हे सांगणारी रेषा जास्तीत जास्त किती द्यावे याची हद्द बनते. देशाच्या मापाने काढलेल्या नकाशावर पेन्सिलीच्या टोकाएवढी जाडी प्रत्यक्षात एका गावाचे शिवार व्यापते. त्या जाडीत कोणाचे शेत आले, कोणाची काजूची बाग आली, कोणती देवराई आली, कोणता ओढा आला हे त्या नकाशास ठाऊक नसते, आणि जमिनीचा प्रत्येक निर्णय तर शेवटी गट क्रमांकावरच होतो.

या प्रांताला जमीन मोजण्याची विद्या नवी नाही. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात ज्या महसुली पाहणीची घडी बसविली, तिच्यातून पुढे मुंबई इलाख्यातील गावे एकेक करून मोजली गेली. तेहतीस फुटांची साखळी घेऊन भूकरमापक शेताशेतांतून फिरले, बांधावर दगड रोवले गेले, जमिनीचा मगदूर ठरला, आकार बसला, आणि गावनकाशा कापडावर चिकटवून दफ्तरात ठेवला गेला. त्या मोजणीचा हेतू सरकारी सारा होता. तिने डोंगरातील गवताळ माळांस पडीक म्हणून नोंदविले, रानातील पायवाटांस अनेकदा नोंदविलेच नाही, आणि गुरचरण, देवस्थान, मालकी जंगल यांच्या नोंदींत अशी गुंतागुंत करून ठेवली की ती आजही सुटलेली नाही. तरी तिचा एक गुण मोठा होता. दीडशे वर्षांनंतरही त्या दगडाला शेतकरी मानतो, तलाठी मानतो आणि न्यायालयही मानते. शास्त्रज्ञांनी काढलेल्या व्याघ्रमार्गाला हाच मान मिळावा, म्हणून तो या दफ्तरात उतरला पाहिजे.

या वाटेवरून उत्तरेकडून दक्षिणेकडे मनाने चालून पाहावे म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. कोयनेचा शिवसागर तापोळ्यापर्यंत पसरलेला असून त्याच्या पश्चिमेस वासोट्याच्या बाजूचे रान अखंड आहे; कोयनानगराजवळ कऱ्हाड-चिपळूण रस्ता आणि कुंभार्ली घाट यांचा पहिला अडसर येतो. तो ओलांडला की चांदोली. प्रचितगडाच्या आणि झोळंबीच्या सड्याच्या आसमंतात, वारणेच्या धरणामुळे व उद्यानामुळे जी गावे उठली, त्यांच्या भातखाचरांवर आज गवत वाढते आणि त्या गवतावर सांबर व गवे चरतात. वाघाचे भवितव्य या कुरणांवर अवलंबून आहे, कारण सदाहरित झाडीच्या गडद सावलीत चारा थोडा आणि म्हणून सावज थोडे. चांदोलीच्या दक्षिणेस प्रकल्पाची हद्द संपते आणि खरी परीक्षा सुरू होते. आंबा घाटातून रत्नागिरी-कोल्हापूर राष्ट्रीय महामार्ग जातो. पुढे अणुस्कुरा, मग गगनबावड्याजवळ भुईबावडा आणि करूळ, मग फोंडा घाट. शाहूवाडी, राधानगरी आणि चंदगड या तालुक्यांतील सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या आहेत. जो खडकाळ सडा परक्या नजरेला उजाड वाटतो तोच पावसाळ्यानंतर गव्यांचे कुरण असतो. राधानगरी ही कोल्हापूर संस्थानची शिकारीची राखीव जागा. १९५८ मध्ये दाजीपूर येथे गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि ते आज ३५१ चौरस किलोमीटरांचे आहे. त्याच्या दक्षिणेस भुदरगड, आजरा, आंबोली, आणि मग दोडामार्ग, जेथे रानाचा मोठा भाग खाजगी मालकीचा आहे आणि जेथे काजू, रबर व अननस यांच्या लागवडीसाठी डोंगरचे डोंगर साफ झाले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याचमुळे. तिळारीच्या पलीकडे गोव्याची म्हादई आहे, आणि तेथे व्याघ्र प्रकल्प घोषित करावा असा आदेश जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने देऊनही ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड, आंबोली-दोडामार्ग, तिळारी अशी संवर्धन राखीव क्षेत्रे अलीकडच्या वर्षांत घोषित झाली, त्यांत आपल्या मंडळाचा वाटा मोठा आहे, आणि या पट्ट्याच्या इतिहासात ते काम कृतज्ञतेने नोंदले जाईल यात मला संदेह नाही. मात्र ही क्षेत्रे मुख्यत्वे सरकारी वनाची आहेत. दोन क्षेत्रांच्या मधली जमीन, मालकीची, गावठाणालगतची, रस्त्याकाठची, ही कोणाच्याही नकाशात नीट पडत नाही. आणि साखळी तुटावयाची ती तेथेच. कोल्हापूर-वैभववाडी लोहमार्ग, विदर्भातून गोव्याच्या सीमेपर्यंत योजिलेला शक्तिपीठ महामार्ग, घाटरस्त्यांचे रुंदीकरण ही कामे जेव्हा आखली जातात तेव्हा आखणी करणाऱ्या अभियंत्याच्या मेजावर वाघाच्या वाटेचा नकाशा पहिल्या दिवशी असेल तर पूल कोठे उंच करावा, बोगदा कोठे काढावा हे तो आनंदाने ठरवील. तो नकाशा आखणी पुरी झाल्यावर, हरकतीच्या रूपाने पुढे आला, की तोच अभियंता त्याला विघ्न समजतो. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली प्राण्यांसाठी नऊ मार्ग ठेवले गेले, त्यांतील सर्वांत लांब ७५० मीटरांचा आहे; त्यासाठी न्यायालयांत वर्षे गेली, पण २०१९ मध्ये तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत अकरा निरनिराळे वाघ त्या पुलांखालून जाताना दिसले. जागा अचूक निवडली तर वाघ पुलाचा उपयोग करतो, हे महाराष्ट्रानेच देशाला दाखविले आहे.

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळतो. नकाशा आला की आपण उठणार, अशी भीती या डोंगरातल्या माणसांच्या मनात आहे, आणि ती निराधार नाही. कोयनेच्या आणि वारणेच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, उद्यानासाठी ज्यांनी घरे सोडली, त्यांच्या पुनर्वसनाची दुःखे सातारा-सांगलीच्या मोर्चांतून महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. म्हणून या नकाशात माणूस रिकाम्या जागेसारखा असता कामा नये. कोणत्या वाडीची गुरे कोणत्या महिन्यात कोठे चरतात, मध आणि हिरडा गोळा करण्यासाठी कोणत्या वाटेने जातात, वनहक्क कायद्याखाली कोणाचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे मंजूर आहेत व कोणते प्रलंबित आहेत, देवराया कोठे आहेत, वाघोबाची वा वाघजाईची स्थाने कोठे आहेत, हे सारे त्यावर असावे. ही माहिती सौजन्यापोटी घ्यावयाची नाही. तिच्यावाचून नकाशाच चुकतो. जानेवारी २०२० मध्ये म्हादईच्या अभयारण्यात चार वाघ विषाने मेले. त्याआधी गुरे मारली गेली होती. तेथे रान होते, पाणी होते, वाघीण वाढती पिले घेऊन होती. उपग्रहाच्या चित्राला विचारले असते तर त्याने ती जागा उत्तमच म्हटली असती. गुरे कोठे चरतात आणि मारल्या गेलेल्या जनावराची भरपाई घरी किती दिवसांनी पोचते, हे ज्या नकाशाला ठाऊक नाही तो अधिवासाचा नकाशा अपुरा आहे. आणि व्याघ्रमार्गात जमीन पडली म्हणजे ती सरकारजमा झाली असे होत नाही, भात पिकवावयास आणि बाग राखावयास मनाई होत नाही, हे ग्रामसभेत, मराठीत, लेखी सांगितले गेले पाहिजे.

माझी विनंती आता नेमकी करतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३८ ओ व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या भूभागाचा उल्लेख स्पष्टपणे करते, आणि तो भूभाग राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मंजुरीवाचून व प्राधिकरणाच्या सल्ल्यावाचून विघातक उपयोगाकडे वळवू नये असे सांगते. तेव्हा अधिकाराची उणीव नाही, हद्दीची आहे. वनखाते, महसूलखाते आणि भूमी अभिलेख खाते यांनी मिळून, भारतीय वन्यजीव संस्थेच्या व या पट्ट्यात वर्षानुवर्षे काम केलेल्या संशोधकांच्या मदतीने, चांदोलीच्या दक्षिण हद्दीपासून तिळारीपर्यंतच्या प्रत्येक गावाचा नकाशा हाती घ्यावा. त्यावर पट्टा आखावा. त्यात राहण्याजोगे रान, ओलांडण्याची जागा आणि चिंचोळे भाग वेगवेगळे दाखवावेत. मसुदा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून हरकती मागवाव्यात, आणि त्या ऐकण्यास मामलेदाराबरोबर वनाधिकारीही गावात बसावा. जो नकाशा ठरेल तो सार्वजनिक असावा. वाघ आज कोठे आहे, गळपट्ट्याची खूण कोठून येते, ही माहिती गुप्त राहिलीच पाहिजे, कारण फासे लावणाऱ्यांचेही कान असतात. परंतु वाट कोठून जाते हे गुप्त ठेवण्याने केवळ जमिनीचे दलाल सुखी होतात. दर चार वर्षांनी व्याघ्रगणना होते, तिच्याबरोबर हा नकाशाही तपासला जावा, कारण रान बदलते, लागवड बदलते, आणि आणलेल्या वाघिणी कदाचित आपण न सुचविलेली जागा निवडतील. त्यांच्या निवडीला आपल्या गणितापेक्षा अधिक मान द्यावा.

सर्व पट्टा एकदम हाती घेणे जड वाटत असेल तर आंबा घाट ते गगनबावडा हा भाग प्रथम घ्यावा. प्रकल्पाला लागून असलेला, रस्त्यांनी कापलेला, खाणींनी पोखरलेला आणि तरीही वाघाने अलीकडच्या काळात ओलांडून दाखविलेला असा तोच आहे. गोवा आणि कर्नाटक या शेजारी राज्यांशी बोलणी करताना आपल्या हद्दीतील काम पुरे झालेले असणे किती उपयोगाचे ठरेल हे आपण जाणताच. उरलेल्या वाघिणी येण्यापूर्वी या भागाची मोजणी सुरू व्हावी, आणि मंडळाच्या पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घेतला जावा, अशी आग्रहाची प्रार्थना आहे.

आपला नम्र,
घाटमाथ्यावरील एक नागरिक